कारस्थान कोणतं आणि फितुरी कोणती?

थंडीत नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी रात्री साडेआठला दोन कामं सोबतच चालतात. मावशी तुरीच्या शेंगा सोलते आणि समोर टीव्हीवर राजदरबाराची मालिका सुरू असते. परवा धाकट्या राणीनं दासीच्या हातून एक चिठ्ठी पाठवली, तशी मावशी टरफल परातीत टाकत म्हणाली, ‘पाह्य, फितूर होऊन राहिली ना ते!’

चिठ्ठी गेली होती राणीच्या सख्ख्या भावाकडे. तो त्याच दरबारात मानकरी. मजकूर एवढाच, की गादीवर माझा मुलगा बसला पाहिजे. म्हणजे हे झालं कारस्थान. तसं म्हटलं तर मावशी म्हणे, ‘एकच ते.’

एकच नाही. मालिकेत भर दरबारात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी फेकले जातात म्हणून तसं वाटतं, पण मराठी भाषेला फरक बरोबर माहीत आहे. कारस्थान रचतात, ते शिजतं, उघडकीला येतं. माणूस ‘कारस्थान होत’ नाही. फितूर मात्र माणूस होतो, आणि त्याला कोणीतरी फितवावं लागतं. कोर्टाच्या बातम्यांत ‘साक्षीदार फितूर झाला’ असं रोज छापून येतं. तो ज्या बाजूनं साक्षीला आला, ती बाजू त्यानं सोडली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे फितुरीला आधी एक बाजू लागते आणि समोर परका लागतो. कारस्थानाला यातलं काहीच लागत नाही. वाड्यातले चार जण आणि एक रिकामी होऊ घातलेली गादी पुरते.

पोथीतला फरक झाला. दरबारात तो कसा दिसतो, हे बघायला लांब जायला नको. आमचाच नागपूरकर भोसल्यांचा दरबार घ्या.

1775 चं प्रकरण सोपं आहे. राजे जानोजी 1772 मध्ये गेले, मागे हक्क सांगणारे मुधोजी आणि साबाजी हे दोघे भाऊ. कारभार कोणाचा, यावरून तीन वर्षं ओढाताण चालली, आणि 26 जानेवारी 1775 ला नागपूरजवळ पाचगावला लढाई होऊन साबाजी ठार झाले. भावानं भावाविरुद्ध केलेलं घरचं भांडण. वाईट, पण ओळखायला कठीण नाही.

1816 मध्ये गुंता होतो. 22 मार्चला नागपूरचे राजे दुसरे रघुजी वारले. मुलगा परसोजी डोळ्यांनी आणि शरीरानं अधू, त्यामुळे गादी त्याची असली तरी कारभार दुसऱ्याच कोणाला तरी करावा लागणार होता. एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि खजिना ताब्यात असलेला रघुजींचा दासीपुत्र धर्माजी, तर दुसरीकडे परसोजीचे चुलतभाऊ अप्पासाहेब. परसोजी ज्याच्या हातात, राज्य त्याच्या हातात, हे दोन्हीकडच्यांना कळत होतं. अप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केलं, पुढे तो मारला गेला, आणि कारभार अप्पासाहेबांकडे आला. इथपर्यंत दोन्ही बाजूंनी चाललं ते कारस्थानच. मालिकावाल्यांना चार महिने पुरेल एवढा माल आहे.

पण वाड्यातली बाजू कच्ची आहे, हे अप्पासाहेब जाणून होते. म्हणून 27 मे 1816 च्या रात्री त्यांनी इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा वकील, जेन्किन्स याच्याशी गुपचूप तह केला. इंग्रजांची तैनाती फौज आली, आणि तिच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये नागपूरनं द्यायचे ठरले. दुसऱ्या रघुजींनी हयातभर जी फौज घ्यायचं टाळलं, ती त्यांच्या मागे दोन-सव्वादोन महिन्यांत दाराशी उभी राहिली. आता याला काय म्हणाल? हेतू कारस्थानाचा, घरातल्या घरात कारभार टिकवायचा. पण त्यासाठी हात धरला तो बाहेरच्याचा. कारस्थान ज्या उंबऱ्यावर फितुरी होतं, तो उंबरा मला या तहात दिसतो. मालिकेत मात्र कॅमेरा फितूर होणाऱ्याच्या तोंडावरच खिळलेला असतो. फितवणारा जेन्किन्स बाजूला पाण्याच्या पेल्यासारखा शांत.

आरोपांचंही असंच. 1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी मेलेला सापडला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे होते. रेसिडेंटानं त्यांनाच राजा मानलं. खुनाच्या आरोपाला वजन आलं ते 1818 मध्ये, अप्पासाहेबांना गादीवरून काढायचं ठरल्यावर. मृतदेह तोच, पण आरोप गरजेप्रमाणे बाहेर आला. दरबारी आरोपाबद्दल ‘खरा का खोटा’ याच्याआधी मी ‘आत्ताच का’ हे विचारतो ते यामुळेच.

मधल्या काळात अप्पासाहेब उलटले. 24 नोव्हेंबर 1817 ला त्यांनी इंग्रजांचा विरोध डावलून पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रं घेतली, आणि 26-27 ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. इंग्रजांच्या कागदांत मग तेच दगाबाज ठरले! एकच माणूस 1816 मध्ये नागपूरच्या बाजूनं पाहिलं तर फितूर, आणि 1817 मध्ये इंग्रजांच्या बाजूनं पाहिलं तर. कारस्थान कुठूनही पाहिलं तरी कारस्थानच दिसतं, पण फितुरी पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. पुढे 1818 मध्ये अलाहाबादकडे नेताना ते पहाऱ्यातून निसटले, आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले. आज नागपुरात त्यांचं नाव मानानं घेतात.

बाकाबाईंचं तसं झालं नाही. 1818 नंतर गादीवर आलेल्या तिसऱ्या रघुजीच्या बालपणी त्या वाडा सांभाळत होत्या आणि राज्य जेन्किन्स चालवत होता. 1854 मध्ये डलहौसीनं नागपूर खालसा केलं, तेव्हा राण्यांनी अर्ज केले, विलायतेला वकील पाठवले. 1857 मध्ये मात्र बाकाबाईंनी आपल्या माणसांना उठावात जाऊ दिलं नाही. फितुरीचा शिक्का बसला तो त्यामुळे. तो अगदीच बिनबुडाचा आहे असं मी म्हणत नाही. पण साडेसात लाखांच्या तहावर सही त्यांची नव्हती. तरीही अप्पासाहेबांना आपण ‘ते’ म्हणतो आणि बाकाबाईला ‘ती’.

आणि जाळतोसुद्धा तिलाच. 1881 पासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत, म्हणजे बाईचा भलामोठा पुतळा निघतो, तो बाकाबाईचं रूप असं सांगतात. जागनाथ बुधवारी या वस्तीतून पिवळी मारबत येते, सोबत चालू राजकारणावरचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गर्दी पुढे सरकते, आणि शेवटी सगळं नाईक तलावावर जळतं.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. तोवर शेंगा संपल्या होत्या आणि मालिकेतल्या राणीला कैद झाली होती. मावशीनं परात झटकली. ‘मारबत बाईचीच निघते. तुह्या अप्पासाहेबाचा काढायचा असंन, तर बडग्या काढ.’