रक्तपट्टीवरचा जांभळा: हिवतापाच्या रंजनाची (परजीवी रंगवून दाखवण्याची) पार्श्वभूमी

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनमध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फाँस लॅव्हरान यांनी हिवतापाचा परजीवी पाहिला, तो ताज्या, न रंगवलेल्या रक्तात. वळवळणारे तंतू दिसले म्हणून त्यांची खात्री पटली. तांबड्या पेशीतली स्थिर, बारीक कडी, म्हणजे परजीवीचं कोवळं रूप, अशा रक्तात सहज निसटते. मेथिलीन ब्लू हा निळा रंग तेव्हा उपलब्ध होता, पण एकट्या त्याने परजीवी नुसता निळा होतो, केंद्रक वेगळं उठत नाही.

१८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे दिमित्री रोमानोव्हस्की यांनी जुना झालेला मेथिलीन ब्लू इओसिन या तांबड्या रंगात मिसळला आणि केंद्रक लाल-जांभळं झालं, भोवतीचा पेशीद्रव निळाच राहिला. त्याच वर्षी मालाखोव्स्की यांनी टाकणखार घालून तेच साधलं. द्रव जुना होताना मेथिलीन ब्लूचं ऑक्सिडीकरण होऊन अॅझ्युर बी हा नवा रंग तयार होतो, आणि खरी करामत त्याची व इओसिनची. पुढचा बहुतेक इतिहास हे मुरणं ताब्यात आणण्याचा आहे.

ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांनी १९०१ मध्ये रंग मेथॅनॉलमध्ये विरघळवला, त्यामुळे स्थिरीकरण (पेशी काचेवर पक्क्या करणं) आणि रंजन एकदमच होऊ लागलं. पण काचेवर रक्त जाड थेंबासारखंही पसरतात, आणि त्या जाड थरातलं हिमोग्लोबिन धुऊन गेलं तरच परजीवी दिसतो. मेथॅनॉल ते पक्कं करतं, म्हणून हा रंग एकाच पेशीच्या जाडीच्या पातळ थरालाच शोभतो. हॅम्बुर्गच्या गुस्ताव जिम्सा यांनी ग्लिसरीन घालून टिकाऊ द्रावण दिलं. भारतात १९४४ मध्ये जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेटने ऑक्सिडीकरण केलेला, पाण्यातला जेएसबी (दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांचा) रंग आणला. तो स्वस्त आणि झटपट, म्हणून हिवताप कार्यक्रमात रुजला. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या तंत्रज्ञांच्याही तो ओळखीचा आहे.

जिम्साची रीत आजही तीच: पातळ थर मेथॅनॉलने स्थिर करायचा, जाड थराला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. मग ३ टक्के द्रावणात ३० ते ४५ मिनिटं, किंवा घाई असेल तर १० टक्क्यांत १० ते १५ मिनिटं. द्रावण ताजंच हवं. शिळ्यात बसलेला गाळ नवख्याला परजीवी वाटतो. रंग ओतून न टाकता बफरच्या (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या) धारेने वाहवून काढावा, नाहीतर वरचा तवंग काचेवर चिकटतो. बफरचा सामू (पीएच) ७.२ ठेवावा. तो आम्लाकडे झुकला की व्हायवॅक्स या हिवतापाच्या परजीवीने बाधलेल्या तांबड्या पेशीत दिसणारे शुफनर ठिपके पुसट होतात, आणि व्हायवॅक्स ओळखण्याची मोठी खूण हातची जाते.