चूक दोघांची, पण भरपाई कापली जाते एकाचीच

समोरून येणारी कार इंडिकेटर न देता उजवीकडे वळली आणि सरळ येणारी मोटारसायकल तिच्यावर आदळली. मोटारसायकलही जरा जास्तच वेगात होती. चालवणाऱ्याचा पाय मोडला, मागे बसलेल्या बायकोचा हात. 'चूक दोघांचीच' म्हणत घरचे भरपाईचा विषय तिथेच सोडतात, ते मला फार खटकतं. कारण आपल्या कायद्यात दोघांची चूक दोन तऱ्हांनी मोजतात आणि याच अपघातात नवऱ्याला एक तऱ्हा लागू होते, बायकोला दुसरी.

नवऱ्याच्या बाबतीत तो कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स, म्हणजे ज्याला लागलं त्याचाही अपघाताला हातभार. अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने कारचालकाची चूक ७० टक्के, त्याची ३० टक्के ठरवली आणि नुकसान १० लाख धरलं, तर त्याला ७ लाख मिळतात.

हे टक्के ठरतात कशावरून? वळणाऱ्याने सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, त्यामुळे पहिलं बोट कारकडेच जातं. मग पंचनामा बघावा. कारचा डावा पुढचा कोपरा चेपला असेल, तर ती ऐनवेळी आडवी आली असण्याची शक्यता जास्त. मागचं डावं दार चेपलं असेल, तर कार बरीचशी वळून झाली होती आणि मोटारसायकलवाल्याला ती दिसायला हवी होती, असा युक्तिवाद होणारच. ब्रेकच्या खुणाही बोलतात. मात्र हातभार होता असं जो म्हणतो, त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. नुसता नियम मोडला एवढ्याने भागत नाही. दुसऱ्या एका अपघातात मोटारसायकलवर तिघं होते म्हणून उच्च न्यायालयाने १० टक्के कापलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पूर्ववत केली. तिघं बसण्याचा त्या धडकेशी किंवा इजेशी संबंधच दाखवला गेला नव्हता.

बायकोची गोष्ट निराळी. हँडल तिच्या हातात नव्हतं, तिची चूक शून्य. तिच्यापुरता हा कंपोझिट नेग्लिजन्स: दोन चालकांच्या चुकीने तिसऱ्याला लागलं. खेन्येई प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा वेळी पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते. तिचं नुकसान १० लाख असेल, तर कारच्या विमा कंपनीकडून पूर्ण १० लाख. नवऱ्याच्या वाट्याचे ३० टक्के कंपनीने नंतर मोटारसायकलच्या बाजूकडून मागावेत. तो हिशेब त्यांचा त्यांनी बघायचा.

ही मुभा फार मोलाची आहे. मोटारसायकलचा फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीबाहेरच्यांच्या नुकसानीपुरता विमा असेल, तर मागे बसलेल्याची जबाबदारी ती विमा कंपनी नाकारू शकते. भरपाई दोन्हीकडून वाट्याप्रमाणेच घ्यायची असती, तर तिचे ३ लाख अडकून पडले असते.

म्हणून दोघांचे अर्ज वेगळे असावेत आणि नवऱ्याचे टक्के बायकोच्या अर्जात कापले जात नाहीत ना, हे वकिलाला मुद्दाम विचारावं. अर्जाची मुदत आता अपघातापासून ६ महिने आहे. कोर्टात नवऱ्याविरुद्ध उभं राहावं लागेल, या धास्तीने अर्जच टाळणाऱ्या बाईला एवढं सांगायला हवं: त्याला प्रतिवादी केलंच पाहिजे असं नाही. कारचा मालक, चालक आणि त्यांची विमा कंपनी एवढ्यांवर तिचा दावा चालतो.