मुडदूस आणि माजघर

शाळेत जीवनसत्त्वांचा तक्ता घोकून घेत. ‘अ’ नसेल तर रातांधळेपणा, ‘क’ नसेल तर स्कर्व्ही, ‘ड’ नसेल तर मुडदूस. जोड्या लावल्या की मार्क नक्की. जाड झालेली मनगटं आणि धनुकलीसारखे वाकलेले पाय घेऊन चालणारं मूल मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

हाडं मऊ पडून वाकण्याच्या या आजाराची पहिली सविस्तर वर्णनं इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी केली. ग्लिसन यांचा ग्रंथ १६५० चा. पुढे धुराने काळवंडलेल्या गिरणगावांत तो चांगलाच फोफावला. कुणी अन्नाला दोष देई, कुणी अंधाराला. १९१९ मध्ये दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला. लंडनमध्ये संशोधक मेलनबींनी कुत्र्याची पिल्लं कॉड माशाच्या तेलाने बरी केली, तर बर्लिनमध्ये डॉक्टर हुल्डशिन्स्कींनी मुलं अतिनील किरण देणाऱ्या पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने. गंमत म्हणजे प्रकाश एकाच हातावर पाडला, तरी दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे फिरत होतं. तेलातला हा गुण ‘अ’ जीवनसत्त्वाचा नव्हे, हे अमेरिकी संशोधक मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये दाखवलं आणि ‘ड’ हे अक्षर रूढ झालं.

त्याच वर्षी हचिसन आणि शहा या डॉक्टरांचा नाशिकमधल्या निरीक्षणांवरचा लेख आला. मला या सगळ्या इतिहासात तोच सगळ्यात बोलका वाटतो. शेतात राबणाऱ्यांच्या घरी खाण्याची ओढाताण, पण मुडदूस नाही. पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत मात्र तो हटकून सापडे, कारण तिथली मुलं बायकांबरोबर आतल्या खोल्यांत वाढत. नाशिकला उन्हाची काय कमी? ते माजघरापर्यंत पोचत नव्हतं, इतकंच.

२०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के मुलांत ‘ड’ची कमतरता आढळली, १० ते १९ वयोगटात २४ टक्के. शाळा-क्लासच्या वयात आकडा वाढलेला दिसतो. फ्लॅटच्या बंद काचेतून ऊब आत येते, पण ‘ड’ बनवणारे किरण काच अडवते. आणि तेल चोळून बाळाला ज्या कोवळ्या उन्हात धरतात, त्यातही हे किरण फारच थोडे असतात. ते भरपूर मिळतात सूर्य वर चढल्यावर, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड होते तेव्हा. नेमकी तेव्हाच घरातून हाक येते, “उन्हात खेळू नकोस, आत ये.”