बिल्ड टूल बदलायला आम्हाला वेळ का लागतो

"सीमेकची नवी आवृत्ती आलीय, तेवढी रिपॉझिटरीत टाकून द्या." रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचा साठा, सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना असा निरोप आला की आमचे उत्तर ठरलेले असते: जरा थांबा. एरवी एखादे पॅकेज अपडेट करायचे तर प्रश्न तेवढ्यापुरता असतो. पण सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे म्हणजे बिल्ड; त्यासाठी लागणारे मेक, सीमेक, ऑटोकॉन्फ यांसारखे टूल किंवा कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर बदलला की त्यावर बिल्ड होणारे प्रत्येक पॅकेज पुन्हा तपासावे लागते. आणि बिघाड लगेच दिसतही नाही, कारण आधी बिल्ड झालेली पॅकेजेस चालूच राहतात. पुढे कधीतरी सुरक्षेचा पॅच तातडीने लावायचा असतो, आणि नेमके तेव्हाच ते पॅकेज बिल्ड होत नाही.

सीमेकचेच बघा. २०२५ मध्ये आलेल्या ४.० ने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता काढून टाकली. सोर्सच्या पहिल्या ओळीत 'किमान आवृत्ती २.८' एवढेच लिहिलेले असले, तरी बिल्ड तिथेच थांबतो. कोडमध्ये काहीही चुकलेले नसते. किमान ३.५ धरून चाल, असे सीमेकला बाहेरून सांगता येते. ती सोय आम्ही अडलेल्या पॅकेजपुरतीच वापरतो. सरसकट लावली तर दुरुस्ती कुठे बाकी आहे तेच झाकले जाते.

असा बिल्ड निदान बोंब मारून पडतो. आम्हाला धास्ती असते ती गुपचूप पास होणाऱ्या बिल्डची. सी भाषेत आधी घोषित न केलेले फंक्शन वापरले तर जीसीसी हा कंपायलर पूर्वी नुसता इशारा देत असे. मे २०२४ मधल्या जीसीसी १४ पासून ती एरर झाली. आता ऑटोकॉन्फने तयार केलेली, बिल्डच्या आधी चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट काय करते? चार-पाच ओळींचे प्रोग्राम कंपाइल करून बघते आणि अमुक सोय या सिस्टीमवर आहे की नाही ते ठरवते. अशा प्रोग्राममध्ये एखादी हेडर फाइल (जिच्यात फंक्शनच्या घोषणा असतात) घ्यायची राहून गेली असेल, तर तो आता कंपाइल होत नाही. स्क्रिप्ट 'नाही' अशी नोंद करून पुढे जाते. बिल्ड हिरवा, आणि पॅकेजमधली एक सोय गायब!

म्हणून जुन्या-नव्या बिल्डचे कॉन्फिगर लॉग आम्ही शेजारी शेजारी लावतो. 'आहे'चे 'नाही' झालेली प्रत्येक ओळ माणूस वाचतो. काम कंटाळवाणे आहे, पण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि तो जायलाच हवा.

हे सगळे वेगळ्या, चाचणीच्या रिपॉझिटरीत होते. दर बिल्डला कोरा कंटेनर, म्हणजे बाकी सिस्टीमपासून अलग केलेली जागा, आणि त्यात फक्त जाहीर केलेल्या डिपेंडन्सी, म्हणजे त्या बिल्डला लागणारी इतर पॅकेजेस. काही पॅकेजेस नव्या टूलला दादच देत नाहीत. ऑटोकॉन्फ २.६९ आले २०१२ मध्ये आणि २.७० थेट डिसेंबर २०२० मध्ये. मधल्या आठ वर्षांत कित्येक प्रकल्पांना २.६९ ची सवय लागली. अशांसाठी जुनी आवृत्ती वेगळ्या नावाने शेजारी ठेवतो.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. बिल्ड फेल झाला तर शेवटच्या दहा ओळींचा स्क्रीनशॉट नको, पूर्ण लॉग पाठवा. मेक एकाच वेळी अनेक कामे चालवत असेल तर खरी एरर बरीच वर राहून जाते, आणि खाली उरतो तो बाकीच्या कामांचा गलका.