अंडर-१९ युरो आणि अंडर-२१ युरो: आकड्यांत अंतर दोनचं, वयात चारचं

२०२५ च्या जूनअखेर दोन दिवसांच्या अंतराने युरोपला फुटबॉलचे दोन युवा विजेते मिळाले. २६ जूनला रोमानियात नेदरलँड्सने स्पेनला १-० ने हरवलं, आणि २८ जूनला स्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हाच्या मैदानावर, इंग्लंडने जादा वेळेत जर्मनीला ३-२ ने नमवलं. बातम्यांमध्ये दोन्हीकडे ‘युवा युरो’ हेच शब्द. मग साहजिकच विचारणा झाली, की नक्की युवा विजेता कोण?

दोघेही. पहिली स्पर्धा १९ वर्षांखालील देशांच्या संघांची, दुसरी २१ वर्षांखालील. दोन्ही युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, भरवते, दोन्हींमध्ये देशांचे संघ खेळतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की एकीतली मुलं दुसरीतल्या मुलांपेक्षा दोन वर्षांनी लहान, बाकी सगळं तेच. हा समज मुळापासून तपासायला हवा, कारण फरक दोन वर्षांचा नाहीच.

वयाची अट कशी मोजतात ते बघा. अंडर-१९ चा हिशेब सरळ आहे. अंतिम स्पर्धा ज्या वर्षी, त्यातून १९ वजा करा. त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालतो. २०१९ च्या स्पर्धेसाठी ही तारीख होती १ जानेवारी २०००. अंडर-२१ मध्ये मात्र वय अंतिम स्पर्धेच्या वेळी मोजत नाहीत. ही स्पर्धा दोन वर्षांतून एकदा होते, तिची पात्रता फेरी दीडेक वर्ष चालते, आणि या सगळ्या चक्राच्या सुरुवातीला खेळाडू २१ चा असला म्हणजे झालं. पात्रतेत घाम गाळलेल्या मुलाला ऐन स्पर्धेच्या तोंडावर वय उलटलं म्हणून घरी बसवायचं नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्तच आहे. त्यामुळे २०२३ च्या अंडर-२१ स्पर्धेसाठी जन्मतारखेची अट काय होती? १ जानेवारी २०००.

म्हणजे २०१९ ची अंडर-१९ आणि २०२३ ची अंडर-२१ या दोन्हींची जन्मतारखेची रेषा एकच. नावात दोनचा फरक, पण एकाच पिढीला एका स्पर्धेतून दुसरीत पोचायला चार वर्षं लागतात. अंडर-२१ च्या अंतिम सामन्यात २३ वर्षांचे खेळाडू सर्रास दिसतात ते यामुळेच. २०२५ मध्ये सहा गोल मारून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा जर्मनीचा निक वोल्टेमाडे फेब्रुवारी २००२ चा, म्हणजे तेव्हा २३ पूर्ण. त्यात कुठेही लबाडी नाही, नियमच तसा आहे.

या चार वर्षांत खेळाडूचं काय होतं ते पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. २५ ऑक्टोबर २०१७ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंडर-१७ विश्वचषकाची उपांत्य लढत झाली. स्पेनने मालीला ३-१ ने हरवलं. दोन गोल कर्णधार आबेल रुईझचे, तिसरा फेरान टोरेसचा. त्या संध्याकाळी स्टँडमध्ये बसलेल्या अनेकांना ही नावं पुढे पुन्हा ऐकू आली असतील. तीन दिवसांनी कोलकात्यात फायनलला २-० ची आघाडी घेऊनही स्पेनचा संघ इंग्लंडकडून ५-२ ने हरला.

जानेवारी २००० मध्ये जन्मलेला रुईझ २०१९ ची अंडर-१९ युरो खेळला आणि जिंकला. येरेवानच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालविरुद्ध दोन्ही गोल टोरेसचे. हीच पिढी २०२३ मध्ये अंडर-२१ च्या फायनलला जॉर्जियातल्या बातुमीत उतरली, समोर पुन्हा इंग्लंड. पण टोरेस त्या संघात नव्हता, तो केव्हाच मोठ्यांच्या संघात गेला होता. रुईझ होता, २३ वर्षांचा. मध्यंतराच्या तोंडावर कोल पामरची फ्री-किक कर्टिस जोन्सला लागून जाळ्यात गेली आणि इंग्लंड १-० ने पुढे. भरपाई वेळेत स्पेनला पेनल्टी मिळाली, ती घ्यायला रुईझ पुढे आला. गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्डने ती अडवली, पाठोपाठ आलेला फटकाही अडवला, आणि इंग्लंडने अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता करंडक उचलला. तिथे मुलांचा खेळ कुठे दिसत नव्हता. दोन्ही बाजूंचे बहुतेक खेळाडू आपापल्या देशाच्या किंवा परदेशच्या व्यावसायिक लीगमध्ये मोठ्यांशी खेळत होते, पगार घेत होते, संघातली जागा कमावत नाहीतर गमावत होते.

माझ्या मते या दोन स्पर्धांमधला खरा भेद हाच. अंडर-१९ मध्ये तुम्ही खेळाडूचा वकूब पाहता, अंडर-२१ मध्ये त्याची तयारी. दोन्ही पाहण्यासारख्या आहेत, पण एकीचा निकष दुसरीला लावला की अंदाज हमखास चुकतात.

२०१६ ची अंडर-१९ घ्या. जर्मनीत झालेल्या त्या स्पर्धेत फ्रान्सने फायनलला इटलीचा ४-० असा धुव्वा उडवला. सर्वोत्तम खेळाडू ठरला जाँ-केव्हिन ऑगस्टिन, सहा गोल. त्याच संघातल्या १७ वर्षांच्या किलियन एम्बाप्पेचे पाच. पुढच्या मार्चमध्ये एम्बाप्पे थेट फ्रान्सच्या मुख्य संघात आला, अंडर-२१ च्या पायरीवर पाऊलही न ठेवता, आणि २०१८ मध्ये विश्वविजेता झाला. ऑगस्टिनला फ्रान्सच्या मुख्य संघाची जर्सी कधीच मिळाली नाही. यात ऑगस्टिनला कमी लेखायचं कारण नाही. त्या महिन्यात तो खरोखरच सर्वांत चांगला खेळला. पण १८-१९ व्या वर्षी अंगाने आधी भरलेला मुलगा आणि अजून भरायचा असलेला मुलगा एकाच मैदानावर असतात, आणि त्या वयातलं यश पुढे किती टिकेल हे करंडक सांगू शकत नाही.

अंडर-१९ ची रचनाही त्या वयाला साजेशी आहे. स्पर्धा दरवर्षी, अंतिम फेरीत फक्त आठ संघ, चार-चारचे दोन गट, गटातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. पात्रतेची अनेक वर्षं चालत आलेली पद्धतही सुटसुटीत: चार संघ एका देशात जमतात, आठवडाभरात प्रत्येकी तीन सामने खेळतात आणि पांगतात. शरद ऋतूत एक फेरी, वसंतात दुसरी, उन्हाळ्यात अंतिम स्पर्धा. प्रशिक्षकाला संघ हाताशी मिळतो तो थोडे दिवस. त्यात ही स्पर्धा बऱ्याचदा जुलैत येते, जेव्हा क्लबांचे नव्या हंगामाचे सराव सुरू झालेले असतात, आणि ज्या मुलाला पहिल्या संघात जागा मिळायची शक्यता आहे त्याला क्लब सोडायला नाखूश असतात. त्यामुळे कागदावरचा सर्वोत्तम संघ मैदानात दिसेलच असं नाही.

अंडर-२१ चा पसारा मोठा. २०१७ पर्यंत बारा संघांवर गेलेली अंतिम फेरी २०२१ पासून सोळा संघांची झाली. पात्रता फेरीत मोठ्यांसारखेच मायदेशात आणि परदेशात सामने. २०२५ च्या स्पर्धेची पात्रता मार्च २०२३ मध्ये सुरू झाली आणि प्ले-ऑफ धरून नोव्हेंबर २०२४ ला संपली. इतक्या काळात संघ म्हणून काहीतरी घडतं. २००९ मध्ये माल्मोला इंग्लंडचा ४-० ने फडशा पाडणारा जर्मन संघ आठवा: नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, होवेडेस, खेदिरा, ओझिल. हे सहाही जण २०१४ च्या विश्वविजेत्या संघात होते. एका युवा संघातून इतके जण एकगठ्ठा वर जाण्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

दोन्ही पायऱ्या चढून गेलेला माणूस शोधायचा तर स्पेनचे प्रशिक्षक लुईस दे ला फुएन्ते. २०१५ ची अंडर-१९ त्यांनी जिंकून दिली, २०१९ ची अंडर-२१ ही, आणि २०२४ मध्ये मोठ्यांची युरो. २०१५ आणि २०१९ या दोन्ही वेळी जन्मतारखेची अट पुन्हा एकच, १ जानेवारी १९९६, म्हणजे तीच पिढी त्यांच्या हाताखालून दोनदा गेली. मिकेल मेरिनो दोन्ही संघांत होता. २०१९ ची अंडर-२१ चालू असतानाच, २२ जूनला, त्याला तेविसावं पूर्ण झालं. २०२४ मध्ये स्टुटगार्टला यजमान जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला हेडर मारून स्पेनला उपांत्य फेरीत नेणारा तोच. गोलरक्षक उनाई सिमोनचंही असंच, २०१५ ला, २०१९ ला आणि २०२४ लाही. मोठ्या युरोच्या फायनलमध्ये निर्णायक गोल करणारा ओयारझाबाल २०१९ च्या अंडर-२१ संघातला. दे ला फुएन्तेंना मोठ्या संघावर नेमलं तेव्हा नामांकित क्लबचा अनुभव नाही म्हणून अनेकांनी नाकं मुरडली होती. पण या मुलांना त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं?

जिंकल्यावर पुढे दार कुठलं उघडतं, इथेही दोघींचे रस्ते वेगळे. सम वर्षातली अंडर-१९ युरो पुढच्या वर्षीच्या अंडर-२० विश्वचषकाची पात्रता असते. २०१९ मध्ये पोलंडच्या लुब्लिनला नॉर्वेने होंडुरासवर १२ गोल केले आणि त्यातले नऊ एकट्या अर्लिंग हालांडचे होते, ते याच विश्वचषकात. नॉर्वेला तिथली जागा २०१८ च्या अंडर-१९ युरोतून मिळाली होती. अंडर-२१ युरोची वाट ऑलिम्पिककडे जाते, पण दर वेळी नाही, ऑलिम्पिकच्या आधीच्या वर्षीची स्पर्धा तेवढी. २०२३ मध्ये उपांत्य फेरीत पोचले स्पेन, इंग्लंड, इस्रायल आणि युक्रेन. ऑलिम्पिकमध्ये इंग्लंड स्वतंत्र देश म्हणून उतरत नाही, त्यामुळे विजेता असूनही तो बाहेर, आणि पॅरिसची तिकिटं उरलेल्या तिघांना. तिथे स्पेनने यजमान फ्रान्सला ५-३ ने हरवून सुवर्ण जिंकलं. संघाचा कर्णधार होता आबेल रुईझ, बातुमीत पेनल्टी हुकलेला.

इतिहासात मात्र धाकटी स्पर्धा थोरली निघते. अंडर-१९ चं मूळ १९४८ च्या लंडनमधल्या युवा स्पर्धेत आहे, मोठ्यांची युरो सुरू व्हायच्याही बारा वर्षं आधी. पुढे ती अंडर-१८ झाली आणि २००२ पासून अंडर-१९. अंडर-२१ चा पहिला विजेता १९७८ चा युगोस्लाव्हिया. करंडकांच्या यादीत स्पेन दोन्हीकडे आघाडीवर आहे: २००२ पासूनच्या अंडर-१९ मध्ये नऊ, अंडर-२१ मध्ये पाच, तिथे इटलीच्या बरोबरीने.

कोविडने दोघींना वेगवेगळं वागवलं, आणि ते मला अजून खटकतं. २०२१ ची अंडर-२१ दोन तुकड्यांत का होईना, मार्चमध्ये गट साखळी आणि मेअखेरीपासून बाद फेरी अशी पार पडली. अंडर-१९ ची २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं रद्द. वर्षाची स्पर्धा बुडाली की त्या जन्मवर्षाच्या मुलांना ती पुन्हा मिळत नाही. २००१ आणि २००२ च्या बहुतेक मुलांना अंडर-१९ युरोची अंतिम फेरी कधी खेळायलाच मिळाली नाही. वोल्टेमाडे त्याच वर्षांतला. २०२५ ची स्लोव्हाकियातली स्पर्धा नेमकी याच पिढीची, २००२ पासून पुढच्यांची होती.

आणखी दोन नावांशी गल्लत होते, तेवढी सांगून टाकतो. युएफा यूथ लीग क्लबांच्या युवा संघांची आहे, देशांची नाही. अंडर-१७ युरो वेगळी आणि तीही दरवर्षी. मुलींसाठी अंडर-१७ आणि अंडर-१९ या दोन युरो आहेत. अंडर-२१ युरो नाही, आणि ती असायला हवी.

वयाची अट ही फक्त वरची मर्यादा आहे, खालून कुणी आधी वर गेला तर त्याला अडवत नाही. लामिन यमाल जुलै २००७ चा. २०२४ मध्ये सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तो मोठ्यांची युरो जिंकला. २०२६ मध्ये वेल्सला असलेल्या अंडर-१९ साठी जन्मतारखेची रेषा आहे १ जानेवारी २००७. वयाच्या हिशेबात तो तिथेही बसतो.

अंडर-२१ ची पुढची अंतिम स्पर्धा २०२७ मध्ये अल्बानिया आणि सर्बियात, अट १ जानेवारी २००४. म्हणजे २०२३ ला माल्टात अंडर-१९ खेळलेली पिढी. तिथे गटात पोर्तुगालने इटलीला ५-१ ने झोडपलं होतं, आणि फायनलला त्याच पोर्तुगालला इटलीने १-० ने हरवलं. अंडर-२१ चा करंडक इटलीने २००४ नंतर उचललेला नाही.