मंजुरी कामाची की जमिनीची? परिवेशवर शोधताना होणारा घोळ

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे तिवरं तुटली की सोसायट्यांच्या गटांत एक निरोप फिरू लागतो: "परिवेशवर शोधलं, काहीच सापडलं नाही, म्हणजे काम बेकायदा आहे." थोड्या वेळाने दुसरा येतो. त्यासोबत एका पत्राचा अर्धवट फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "सगळ्या परवानग्या आल्या आहेत, उगाच विरोध करू नका." बहुतेक वेळा दोन्ही निरोप चुकीचे असतात आणि दोन्हींमागची चूक एकच असते. पर्यावरण मंजुरी आणि वन मंजुरी ही एकाच कागदाची दोन नावं आहेत, असं धरून शोध घेतलेला असतो.

परिवेश हे केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाचं पोर्टल ऑगस्ट 2018 मध्ये सुरू झालं. पर्यावरण, वन, वन्यजीव आणि सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अशा चार मंजुऱ्यांचे अर्ज तिथे एका छताखाली आले, आणि गोंधळ बहुधा तिथूनच वाढला. खिडकी एक झाली म्हणून कायदे एक झालेले नाहीत.

पर्यावरण मंजुरी तुम्हाला माहीत असणार. घोडबंदर रोडला किंवा खारघरला मोठ्या संकुलात घर घेतलं असेल तर माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख वाचला असेल. ही मंजुरी ज्या 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मिळते, तिला एक परिशिष्ट आहे. त्यात खाणी, कारखाने, बंदरं, विमानतळ, महामार्ग आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाच्या इमारती येतात. मोठी प्रकरणं दिल्लीला जातात, बाकीची राज्याच्या प्राधिकरणाकडे. 'टीओआर' (टर्म्स ऑफ रेफरन्स) मिळाला म्हणजे फक्त अभ्यासाची रूपरेषा ठरली, मंजुरी मिळाली नाही. यावर आणखी वेळ घालवत नाही.

माणसं अडखळतात ती पुढच्या मुद्द्यावर. पर्यावरण मंजुरी विचारते, इथे कोणतं काम होणार आहे? वन मंजुरी विचारते, ही जमीन कोणती आहे? पहिली कामाला चिकटलेली असते, दुसरी जमिनीला. घर घेताना बांधकामाचा नकाशा आणि बिनशेतीचा आदेश आपण वेगवेगळे मागतो, एक दाखवून दुसरा आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून घेत नाही. तेवढाच काटेकोरपणा इथेही हवा.

याचा पहिला परिणाम असा की परिशिष्टात काम नसेल तर पर्यावरण मंजुरीच्या यादीत ते कधीच दिसणार नाही, मग ते कितीही अवाढव्य असो. रेल्वे त्या परिशिष्टात नाही. म्हणून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन पर्यावरण मंजुरीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि तो "एवढा मोठा प्रकल्प विनापरवाना" असं लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतचा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला ठाणे खाडीखालचा सुमारे 7 किलोमीटरचा भाग, आणि वाटेत येणारं कांदळवन (तिवरांचं जंगल) व अभयारण्य यांची कागदपत्रं वन, वन्यजीव आणि सीआरझेड या बाजूंना आहेत. प्रकल्पाबद्दल तुमचं मत काहीही असो, कागद नाहीत असं म्हणणं खोटं ठरतं, आणि एकदा खोटं ठरलेल्या माणसाचा पुढचा खरा आक्षेपही कुणी ऐकत नाही. मला या घोळाचा राग येतो तो याचसाठी.

दुसरा परिणाम उलट दिशेचा आहे. पर्यावरण मंजुरीला आकाराची किमान मर्यादा असते, वन मंजुरीला जवळपास नसते. शहरातला साधा जोडरस्ता, पूल, जलवाहिनी किंवा विजेचा मनोरा परिशिष्टाच्या जवळपासही येत नाही. पण त्याचा पाऊण हेक्टराचा तुकडा वनजमिनीवर पडत असेल, तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता लागते. 2023 च्या दुरुस्तीने काही सवलती दिल्या. सरकारी रस्त्याला किंवा रेल्वेमार्गाला लागून असलेल्या वस्तीच्या वाटेसाठी 0.10 हेक्टरपर्यंतची सूट ही त्यातलीच. बाकीच्यांना अर्ज करावाच लागतो. बोगदा जंगलाच्या पोटातून गेला तरी सुटका नाही. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जातो. वरचं झाड हलत नाही म्हणून वन आणि वन्यजीव मंजुरीचा प्रश्नच येत नाही, असं मानणारे बरेच भेटतात.

"पण ही तर सिडकोची जमीन आहे, वन कुठून आलं?" हा प्रश्न नवी मुंबईत हमखास येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरचं कांदळवन संरक्षित वन म्हणून अधिसूचित होऊ लागलं. जमीन महसूल खात्याची असो वा सिडकोसारख्या सरकारी संस्थेच्या नावावर, कांदळवन असेल तर वनाचा कायदा तिथे पोचतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, उरणकडच्या कामांत वन मंजुरी निघते ती बहुधा यामुळे. डोंगर आणि सागाची झाडं एवढंच जंगल डोळ्यांपुढे आणाल, तर खाडीकाठचं निम्मं शहर शोधातून सुटेल.

तिसरा परिणाम थेट शोधाच्या पद्धतीवर होतो. पर्यावरण मंजुरी प्रकल्पाच्या नावाने सापडते, वन मंजुरी नावाने शोधू नका. बातम्यांमध्ये 'ठाणे कोस्टल रोड' असतं, अर्जात 'बाळकुम ते गायमुख' असू शकतं. एकाच प्रकल्पाचे दोन टप्पे दोन वेगळ्या प्रस्तावांतही असू शकतात. पोर्टलवर सगळं इंग्रजीत आहे आणि आपल्या गावांच्या इंग्रजी स्पेलिंगला कुणीच शिस्त लावलेली नाही. म्हणून आधी मंजुरीचा प्रकार 'वन' निवडा, मग महाराष्ट्र, मग जिल्हा. त्यानंतर अर्जदार यंत्रणेचं नाव बघा. एमएमआरडीए, सिडको, महापालिका, महापारेषण, रेल्वेची यंत्रणा, जी असेल ती. प्रस्ताव क्रमांक हाती असेल तर तो सगळ्यात उत्तम. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात 'एफपी'ने सुरुवात असेल तर वनाचा, 'एसआयए' असेल तर राज्य प्राधिकरणाकडचा पर्यावरण प्रस्ताव. ज्या फोटोत प्रस्ताव क्रमांक कापलेला आहे तो पुढे पाठवू नका. मी असे फोटो उघडूनही बघत नाही.

जिल्हा निवडताना थांबून विचार करा. नवी मुंबई महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे मात्र रायगडात. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितो म्हणून खारघरच्या टेकडीवरचं काम ठाणे जिल्ह्यात शोधलं, तर यादी रिकामीच दिसणार. नवी मुंबई विमानतळही पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात. त्याच विमानतळाने दोन मंजुऱ्यांमधलं अंतरही दाखवून दिलं. पर्यावरण आणि सीआरझेड मंजुरी नोव्हेंबर 2010 मध्ये आली, वनजमिनीची मान्यता त्यानंतर टप्प्याटप्प्याने. मधल्या काळात "मंजुरी मिळाली" आणि "मंजुरी बाकी आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी होती.

जनसुनावणीबद्दल थोडक्यात. पर्यावरण मंजुरीत काही वर्गांना ती असते, इमारतींच्या प्रकल्पांना नसते. वन मंजुरीत तशी जनसुनावणी नाही. "सुनावणीची नोटीस आली की आक्षेप घेऊ" म्हणून बसून राहाल तर बसूनच राहाल. वन हक्क कायद्याखालचा ग्रामसभेचा विषय वेगळा आहे, त्याची सरमिसळ इथे नको.

प्रस्ताव सापडला की बहुतेक जण नकाशा आणि हेक्टरचा आकडा पाहतात आणि पान बंद करतात. तसं करू नका. वन प्रस्तावाचा पहिला भाग अर्जदार यंत्रणा भरते, तो मी शेवटी वाचते. दुसरा भाग उपवनसंरक्षक भरतात आणि माझ्या मते अख्ख्या प्रस्तावातले सर्वांत मोलाचे कागद तेच आहेत. जमिनीचा कायदेशीर दर्जा, झाडोऱ्याची घनता, तोडायच्या झाडांची संख्या, राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य किती जवळ आहे, मागितलेली जमीन खरोखर किमान आणि अटळ आहे का, आणि मंजुरीआधीच काम सुरू करून कायदा मोडला आहे का, हे सगळं त्या अधिकाऱ्याला सहीनिशी लिहावं लागतं. शेवटी शिफारसही असते. पर्यायी वनीकरण कुठे होणार तेही कागदपत्रांत सापडतं, आणि ती जमीन आपल्या खाडीपासून किती लांब आहे हे तिथेच कळतं. आक्षेप लिहायचा असेल तर या भागातलं एक वाक्य उद्धृत करा. दहा घोषणांपेक्षा ते जास्त काम करतं.

आता टप्पे. वन मंजुरी दोनदा येते. आधी तत्त्वतः, म्हणजे पहिला टप्पा, अटींसह. अटी पूर्ण झाल्यावर अंतिम, म्हणजे दुसरा टप्पा. एवढं माहीत असलेली माणसं गटात शांतपणे सांगतात, "अजून पहिलाच टप्पा आहे, काही होत नाही." नियमांची निम्मीच माहिती असली की असं होतं. रस्ता, रेल्वे, जलवाहिनी, वीजवाहिनी अशा रेषीय कामांना पहिल्या टप्प्यानंतर, भरपाईच्या ठरलेल्या रकमा भरल्यावर, झाडं तोडून काम सुरू करायची परवानगी मिळू शकते. ही मुभा 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आली आणि नव्या नियमांतही राहिली. ठाणे आणि नवी मुंबईत सरकारी वनजमीन मागणारी बहुतांश कामं रेषीयच असतात. म्हणजे आपल्याकडे पहिल्या टप्प्याचं पत्र दिसलं की वेळ आहे असं समजू नका, वेळ संपत आली आहे असं समजा. इमारत किंवा डेपोसारखं रेषीय नसलेलं काम असेल तर मात्र वनजमिनीला हात लावायला अंतिम मान्यता लागते.

कांदळवन असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि ती परिवेशवर शोधून सापडणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात सार्वजनिक हितासाठी गरज असल्याशिवाय कांदळवन तोडायला मनाई केली. त्यामुळे सगळ्या खात्यांचे कागद हातात असलेल्या यंत्रणेलाही न्यायालयात जावं लागतं. बुलेट ट्रेनसाठी ती परवानगी डिसेंबर 2022 मध्ये मिळाली. "मंत्रालयाने मंजुरी दिली, आता तोडायला मोकळीक" असं कुणी म्हणालं तर न्यायालयाच्या आदेशाची तारीख विचारा.

सीआरझेडसाठी महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, तिथे परिवेशपेक्षा जास्त कळतं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्यात किंवा त्याच्या लगत काही येत असेल तर वन्यजीव मंडळांची इतिवृत्तंही बघावी लागतात.

राष्ट्रीय हरित लवादात जायचं ठरलं तर तारीख नीट धरा, कारण दोन मंजुऱ्यांमधला फरक तिथे सर्वांत महाग पडतो. पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलाची मुदत ती मंजुरी कळवल्यापासून 30 दिवस, आणि सबळ कारण असेल तर लवाद आणखी 60 दिवसांपर्यंत वाढवू शकतो. वन मंजुरीतही दिवस तेवढेच. पण लवादाच्या कायद्यात अपील सांगितलं आहे ते वन संवर्धन कायद्याच्या कलम 2 खाली राज्य शासनाने काढलेल्या आदेशाविरुद्ध, केंद्राच्या मान्यतापत्राविरुद्ध नाही. दिल्लीचं किंवा नागपूर विभागीय कार्यालयाचं पत्र परिवेशवर दिसलं की ते उतरवून ठेवा आणि त्याच दिवशी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात राज्याचा आदेश निघाला का, त्याचा क्रमांक आणि तारीख काय, हे लेखी विचारा. पोच घ्यायला विसरू नका.