इरॅस्मस मुंडस वेगळं, इरॅस्मस मोबिलिटी वेगळी

ऑक्टोबर उजाडला की यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या कॉलेजांत एकच वाक्य फिरू लागतं: "इरॅस्मसचे फॉर्म सुटले." कोणत्या इरॅस्मसचे, हे कुणी विचारत नाही. मग बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलगी मुंडसचा फॉर्म भरत बसते आणि पदवी हातात असलेला मुलगा मोबिलिटीच्या चौकशीला कॉलेजच्या ऑफिसात चकरा मारतो. दोघांचंही वर्ष जातं. दोन्ही योजना युरोपीय संघाच्या आणि दोन्ही त्याच्या 'इरॅस्मस प्लस' या शिक्षण कार्यक्रमाखालच्या, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

मुंडस बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. ती पूर्ण पदव्युत्तर पदवी आहे, ६०, ९० किंवा १२० युरोपीय क्रेडिटची. किमान दोन देशांत शिकायचं. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, शिवाय महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. तिकीट, व्हिसा, तिथं पोचल्यावरचा खर्च, सगळं त्यातच. विमानाचे पैसे आधी घरूनच घालावे लागतात, हे बाबांना वेळेत सांगून ठेवावं.

मोबिलिटीत मात्र तुम्ही आपल्याच विद्यापीठाचे विद्यार्थी राहता. २ ते १२ महिने युरोपात शिकून परत यायचं. पदवी इथलीच, तिथून मिळते ती गुणपत्रिका.

खरी गफलत होते ती अर्ज कुणाकडे करायचा यात. मुंडसला तुमच्या कॉलेजची परवानगी, करार, शिफारशीचा ठराव, काहीच लागत नाही. पदवी असली किंवा शेवटचं वर्ष चालू असलं, तर धारणी किंवा अहेरीत बसून तो अभ्यासक्रम मिळून चालवणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडे थेट अर्ज करता येतो. मोबिलिटीला स्वतःहून अर्ज करताच येत नाही. आधी तुमच्या विद्यापीठाचा त्या युरोपीय विद्यापीठाशी आंतर-संस्था करार हवा, त्या युरोपीय विद्यापीठाला भारतासाठी निधी मंजूर झालेला हवा आणि मग निवड होऊन तुमचं नाव इथूनच जायला हवं. यातलं एक जरी नसलं, तर तुम्ही कितीही हुशार असा, रस्ता बंद.

इथं आणखी एक घोळ होतो, आणि तो पाहून जीव तुटतो. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, पेपरात फोटो आला, की पोरं बॅगा भरायला लागतात. सामंजस्य करार म्हणजे वर सांगितलेला आंतर-संस्था करार नव्हे. तो पुढं-मागं सहकार्य करू, एवढाच शब्द. त्यात जागा नसतात, पैसे नसतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात दोनच गोष्टी विचारा: यंदा निधी मंजूर आहे का, आणि आमच्या विषयाला जागा किती? उत्तर गुळमुळीत आलं तर वाट पाहू नका.

जागा मिळालीच, तर पुढची मेख क्रेडिटची. निघण्यापूर्वी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' होतं. त्यावर विद्यार्थी, आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ, अशा तीन सह्या लागतात. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या पेपरऐवजी धरायचा, हे त्यातच ठरतं. तिकडं एका सत्राला साधारण ३० क्रेडिट, आपल्याकडं २० च्या आसपास, म्हणून आकड्याला आकडा जुळवू नका, विषयाला विषय जुळवा. तिकडचं सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतं आणि इकडं तेव्हाच हिवाळी परीक्षा असते. बदली विषयांना विद्यापीठाची लेखी मान्यता आधी घेतली नसेल, तर चांगले गुण घेऊन परतलेलं पोर इथल्या गुणपत्रिकेवर 'अनुपस्थित' ठरू शकतं. तिथं पोचल्यावर विषय बदलला, तर लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्येही बदल करून पुन्हा तिन्ही सह्या घ्या. प्राचार्यांचं तोंडी "हो" इथं चालत नाही.

तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना आमचा सल्ला ठाम आहे: पदवी नीट पूर्ण करा आणि मुंडसची तयारी करा. स्पर्धा कडक आहे. एका मुंडस प्रकल्पाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एकाच देशाच्या नागरिकांना १० टक्क्यांहून जास्त देता येत नाहीत, आणि भारतातून अर्ज भरपूर जातात. प्रतीक्षा (रिझर्व्ह) यादीत नाव आलं तर धीर धरा. पुढचे नकार देतात तशी यादी सरकते. पण निवडपत्रात 'सेल्फ-फंडेड' असेल, तर ती शिष्यवृत्ती नव्हे, फक्त प्रवेश आहे. "इरॅस्मस लागलं" म्हणत कुणी एजंट हेच पत्र दाखवून पैसे मागत असेल, तर देऊ नका, आणि त्या पत्रावर वावर तर अजिबात गहाण टाकू नका.

कागदांत सर्वात जास्त अडतं ते नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टचा फॉर्म भरताना गुणपत्रिका शेजारी ठेवा, स्पेलिंगमधलं एक अक्षरही इकडचं तिकडं होऊ देऊ नका. शिफारसपत्रं बहुधा दोन लागतात आणि बरेच अभ्यासक्रम ती प्राध्यापकांच्या संस्थेच्या ईमेलवरून मागतात. बहुतेक मुदती ऑक्टोबर ते जानेवारीत संपतात. त्याच काळात कापूस वेचणी, हिवाळी परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. म्हणून सरांना सप्टेंबरातच गाठा आणि कॉलेजचा ईमेल नसेल तर तेव्हाच सुरू करून घ्यायला सांगा.